लय सापडते तो आठवडा

गोल्फमध्ये सात नंबरच्या आयर्नचा, म्हणजे लोखंडी डोक्याच्या मधल्या क्लबचा, पूर्ण स्विंग मोबाइलवर टिपून फ्रेम मोजल्या की चांगल्या खेळाडूचा हिशेब बहुधा सारखाच निघतो: बॅकस्विंगला २१ फ्रेम, वरून बॉलपर्यंत ७. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर वर जायला ०.७ सेकंद आणि खाली यायला पाव सेकंदाहूनही कमी. संथ हाताच्या खेळाडूचे २७ आणि ९ होतात, पण तीनास एक हे प्रमाण सुटत नाही. पटिंगमध्ये, म्हणजे ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) बॉल घरंगळवताना, ते दोनास एकच्या आसपास येतं. दडपणाखाली आधी बिघडतं ते हेच. बॅकस्विंग अर्धवट राहतो, खांदे पायांच्या आधी सुटतात, क्लब बाहेरून आत येतो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल डावीकडे खेचला जातो. क्लबचा फेस, म्हणजे बॉलला लागणारी सपाट बाजू, उघडा राहिला तर तोच बॉल उजवीकडे वळत जातो. खेळाडूला वाटतं ग्रिप चुकली, उभं राहणं चुकलं, आणि भर फेरीत तो नको ते दुरुस्त करायला घेतो.

ही लय रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, घोटता येते. पाय जुळवून, साठ टक्के जोराने वीस बॉल. मग वर पोचल्यावर क्षणभर थांबून दहा. मग नेहमीचा स्विंग, सोबत मेट्रोनोमचं ॲप. रोज केलं तर हात बसतोच. स्पर्धा खेळणाऱ्याची मात्र आणखी एका वेळेशी गाठ असते आणि ती अजून कुणाला घोटता आलेली नाही: आपला खेळ नेमका कोणत्या आठवड्यात पिकणार, ही. इतकी वर्षं या खेळात काढून माझं मत पक्कं झालंय की त्या आठवड्याची वाट बघणं हेही एक काम आहे आणि त्याला रीत आहे. तो येईल तेव्हा अंग धड असावं, हातात टूरचं कार्ड, म्हणजे व्यावसायिक स्पर्धामालिकेत खेळायचा परवाना असावा, गाठीला खर्चाचे पैसे असावेत आणि आपण टीवर, पहिला शॉट मारायच्या जागी, हजर असावं.

मुंबईच्या खेळाडूचं वर्ष पावसाने कापलेलं असतं. टूरचा हंगामही दोन तुकड्यांत येतो, एक उन्हाळ्याआधी आणि दुसरा पावसाळा ओसरता ओसरता डिसेंबरपर्यंत. मधल्या महिन्यांत इथे पूर्ण स्विंगचा सराव रडतखडत होतो. रेंजवर मॅटवरून मारत राहिलं तर जाड शॉटही (बॉलच्या आधी जमिनीला लागलेला) चांगला वाटतो, कारण क्लब मॅटवर घसरून बॉलपर्यंत पोचतो. हीच सवय अंगात मुरते आणि सप्टेंबरात गवतावर गेलं की बॉलच्या दोन इंच आधी माती निघते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी मॅटवर बॉलच्या चार इंच मागे दुमडलेला टॉवेल ठेवून मारायला लावतो. टॉवेलला क्लब लागला की शॉट बाद.

पावसात शिकण्यासारखं मात्र भरपूर असतं. क्लबफेस आणि बॉलमध्ये पाणी आलं की पकड जाते, बॉल फेसवरून घसरतो, उंच निघतो आणि त्याला फिरकी कमी मिळते. वेज म्हणजे जवळच्या अंतरावरून बॉल उंच उडवायचा क्लब. त्याच्या अर्ध्या जोराच्या शॉटमध्ये हे सर्वांत जास्त जाणवतं: ६० यार्डांचा शॉट ग्रीनवर पडून थांबेल म्हणून मारावा आणि तो पुढे सटकावा. उपाय म्हणजे प्रत्येक शॉटआधी क्लबफेसच्या खोबणी कोरड्या कापडाने पुसणं आणि ओल्या गवतातून थांबणाऱ्या बॉलची अपेक्षाच न धरणं. बंकरमधली वाळू पावसाने दबून घट्ट होते. तिथे १२-१४ अंश बाउन्सचा (क्लबच्या तळाच्या फुगवट्याचा कोन) सँडवेज वाळूत शिरायच्या ऐवजी उसळतो आणि बॉल पातळ, म्हणजे मध्यावर, लागून ग्रीनपार जातो. ६-८ अंश बाउन्सचा वेज घ्यावा, फेस थोडा कमी उघडावा आणि बॉल जास्त घरंगळणार हे धरून चालावं.

नियमांचीही तयारी याच दिवसांत होते. 'प्रिफर्ड लाय' लागू असेल तर बॉल उचलून, पुसून ठेवायची मुभा मिळते, पण किती अंतरात ठेवायचा ते त्या दिवसाच्या नोटिशीवर असतं. कुठे सहा इंच, कुठे एका क्लबची लांबी. शिवाय बॉल एकदा ठेवून हात काढला की तो खेळात आला. लाय, म्हणजे बॉल बसलेली जागा, आवडली नाही म्हणून पुन्हा उचलला तर एक शॉटचा दंड. स्वतःच्या आघाताने जमिनीत रुतलेल्या बॉलला बंकर आणि पेनल्टी एरिया (पाणी वगैरे आखलेला भाग) सोडून इतरत्र फुकट सुटका मिळते: बॉलच्या लगेच मागच्या जागेपासून एका क्लबच्या लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप. २०१९ च्या आधी खांद्याच्या उंचीवरून ड्रॉप व्हायचा आणि जुन्या खेळाडूंचा हात अजून तिकडे जातो. तसा चुकीचा ड्रॉप करून खेळलं की दंड पडतो.

सामानाचं म्हणाल तर मुंबईची हवा दोन गोष्टी खाते, ग्रिप (क्लबच्या मुठीचं रबर) आणि स्टील. घाम आणि तेलाने ग्रिप गुळगुळीत होते, मग हात नकळत आवळला जातो आणि मनगटं आखडतात. महिन्यातून दोनदा कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने ग्रिप घासाव्यात आणि पंख्याखाली वाळवाव्यात. स्पर्धा खेळणाऱ्याने वर्षातून एकदा तरी बदलाव्यात आणि जमल्यास दोऱ्याची वीण असलेल्या घ्याव्यात, त्या घामात धरतात. नवी ग्रिप चढवली की लगेच बॅगेत घालू नये. दमट दिवसांत आतली टेप सुकायला वेळ घेते आणि घाई केली तर ग्रिप हातात किंचित फिरते. ओलं हेडकव्हर क्लबवर ठेवणं हा सर्वांत मोठा गुन्हा. कुलाब्याच्या यू. एस. क्लबवर समुद्राकाठी खेळून आलात तर शाफ्टसुद्धा गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा.

खेळाडू कोणत्या कोर्सवर वाढला त्यावर त्याच्या खेळाची ठेवण ठरते. विलिंग्डन १९१८ चं, चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी १९२७ चं. शहराने चारही बाजूंनी आवळलेले हे कोर्स आहेत आणि लांबी वाढवायला जागा नाही. प्रेसिडेन्सीचा पार, म्हणजे एका फेरीसाठी नेमलेले शॉट, ७० आहे. इथे वाढलेल्या खेळाडूचा वेज आणि पटर उत्तम असतो, झाडांमधून बॉल काढायची अक्कल असते, पण १९० यार्डांवरून ग्रीनवर दुसरा शॉट मारायची वेळ त्याच्यावर क्वचित येते. बाहेरच्या ७,००० यार्डांच्या कोर्सवर ती एका फेरीत चार-पाचदा येते. खारघरचा सिडकोचा कोर्स हा त्यावरचा उतारा आहे. तो लोकांसाठी खुला आहे, मोठा आहे आणि डोंगराच्या कुशीतून वारा दिशा बदलत येतो. स्पर्धेआधीच्या महिन्यात आठवड्यातले दोन दिवस हार्बर लाइनने खारघर गाठावं आणि तिथे स्कोअर न मोजता फक्त लांब पल्ल्याचे क्लब, चार-पाच नंबरची आयर्न आणि हायब्रिड, मारावेत, असं मी सांगतो. अंतराचा धाक गेला की टीवरचा अर्धा ताण जातो.

बाहेरगावी अंतरं बदलतात, हे आधी गणित करून ठेवायचं काम आहे. मुंबई समुद्रसपाटीला, बेंगळुरू सुमारे ९०० मीटरवर. त्या उंचीवर बॉल साधारण साडेतीन टक्के लांब जातो, म्हणजे इथला १५० यार्डांचा शॉट तिथे १५५. थंडीत उलटं होतं. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की मधल्या आयर्नला सुमारे दोन यार्ड कमी. मुंबईच्या ३० अंशांतून उठून जानेवारीत उत्तरेत सकाळी आठ अंशांवर टी-ऑफ केलं तर जवळजवळ एका क्लब-नंबरचा फरक पडतो. दमट हवा 'जड' असते म्हणून बॉल कमी जातो, असं बॅग वाहणाऱ्या कॅडीपासून क्लबच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे म्हणतात. प्रत्यक्षात पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. दमट दिवशी अंतर घटतं ते ओल्या फेअरवेवर बॉल घरंगळत नाही म्हणून.

टूरवर यायचं दार म्हणजे क्वालिफाइंग स्कूल. पीजीटीआय (प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया) २००६ पासून देशातली टूर चालवते. आधी प्री-क्वालिफाइंगचे ३६ होल आणि त्यातून निघालेल्यांसाठी ७२ होलची अंतिम फेरी. वर्षभराचं कार्ड त्या चार दिवसांवर ठरतं, त्यामुळे तिथे हुशारी दाखवायची नसते. बहुतेक जण पहिल्या दिवशी बर्डीच्या (पारपेक्षा एक कमी) मागे लागून डबल बोगी (पारपेक्षा दोन जास्त) ओढवून घेतात. सरळ हिशेब असा: चार दिवसांत एकही डबल नको. झाडांत गेलेला बॉल बाजूला काढा, वेजने तिसरा शॉट मारा, फार तर बोगी (एक जास्त) घ्या आणि पुढच्या टीवर चला.

स्पर्धेच्या आठवड्यात नशिबाचा पहिला हात ड्रॉमध्ये, म्हणजे कुणी कधी सुरू करायचं त्या यादीत, लागतो. पहिल्या दोन दिवसांत प्रत्येकाला एक सकाळ आणि एक दुपार मिळते. मुंबईसारख्या किनाऱ्यावर सकाळी दव असतं, बॉल ग्रीनवर हळू पण खरा चालतो, वारा नसतो. बारा-एकनंतर समुद्रावरून वारा सुरू होतो, ग्रीन पावलांनी खडबडीत झालेली असते आणि बर्म्युडा गवत दिवसभरात वाढलेलं असतं. अर्ध्या खेळाडूंना दोन्ही दिवस वारा लागतो आणि उरलेल्यांना एकही दिवस नाही, असंही होतं. त्यावर चिडून दोन शॉट आणखी घालवणारे खेळाडू मी पाहिलेत. दुपारची वेळ आली की आपलं लक्ष्य बदलायचं, इतकंच हाती असतं: पार हा चांगला स्कोअर आणि पाच फुटांच्या आतल्या पटवर जास्त वेळ.

ग्रेन, म्हणजे गवत झुकून वाढण्याची दिशा, वाचायची रीत नीट शिकावी, कारण इथल्या ग्रीनवर उताराइतकाच तिचा प्रभाव असतो. पटच्या रेषेवर उभं राहून गवत चमकदार दिसलं तर ते आपल्यापासून दूर वाढतंय, बॉल वेगाने जाईल. गडद, मळकट दिसलं तर आपल्याकडे वाढतंय, बॉल अडेल. शंका असेल तर होलच्या काठाशी वाकून बघा. कप कापल्यावर काही तासांत एका बाजूची कड स्वच्छ राहते आणि समोरची फाटल्यासारखी, तपकिरी पडते. ग्रेन त्या फाटक्या कडेकडे जाते. सकाळी हे नीट दिसत नाही, दुपारी लख्ख दिसतं. शेवटच्या दोन फुटांत बॉलचा वेग मंदावतो तेव्हा ग्रेन त्याला ओढते, म्हणून ब्रेक, म्हणजे बॉलचं वळण, तिथलं वाचायचं.

फेरीच्या दिवशी टी-टाइमच्या सत्तर मिनिटं आधी पोचतो तो शांत असतो. वीस मिनिटं अंग मोकळं करणं: नितंब, पाठ, खांदे. पंचवीस मिनिटं रेंज, चाळीसहून जास्त बॉल नाहीत, शेवटचे तीन पहिल्या टीवर जो क्लब घ्यायचा त्याने. दहा मिनिटं चिपिंग, म्हणजे ग्रीनजवळचे छोटे शॉट. दहा मिनिटं पटिंग, त्यातले लांबचे आधी, कारण वेग कळायला हवा. उरलेला वेळ चालायला आणि बॅगेतले क्लब मोजायला. चौदा म्हणजे चौदा, सरावाचा एखादा जास्तीचा वेज राहून गेला तर प्रत्येक होलला दोन शॉट, फेरीत जास्तीत जास्त चार. टीवर पाच मिनिटांच्या आत उशीर झाला तर पहिल्या होलवर दोन शॉटचा दंड आणि पाच मिनिटं उलटली की बाद. मुंबईत फेरी असेल तर ईस्टर्न फ्रीवे आणि मेगाब्लॉक या दोन्हींचा विचार आदल्या रात्री करायचा.

ऑक्टोबरच्या उकाड्यात साडेचार-पाच तासांच्या फेरीत दोन-अडीच लिटर पाणी लागतं. फेरीआधी आणि नंतर वजन करून बघा. ७० किलोच्या खेळाडूचं दीड किलो घटलं असेल तर शेवटच्या चार होलचे निर्णय त्याने थकलेल्या डोक्याने घेतले आहेत. एका लिटरला ओआरएसची एक पूड, तहान लागायची वाट न बघता दर होलला चार घोट. खायला केळं, चिक्की, दशमी. तेलकट काही नको. कातडी ग्लोव्ह चार ठेवा आणि दर तीन होलला बदला. कोरडा टॉवेल छत्रीच्या काड्यांना आतून अडकवला तर पावसातही कोरडा राहतो. चांगला कॅडी हे सांगावं लागू देत नाही. त्याचे आणि आपले शब्द ठरलेले असावेत: तो आकडा आणि वारा सांगेल, क्लब आपण निवडू.

शॉटआधीची सवयही वेळेत बांधलेली असावी. नियम ४० सेकंदांत शॉट मारायला सुचवतात. बॉलमागे उभं राहण्यापासून बॉल सुटेपर्यंत वीस-बावीस सेकंद पुरतात. पहिल्या होलला २० आणि सतराव्याला ३२ लागत असतील तर मन डळमळलंय. हे मित्राकडून स्टॉपवॉचने मोजून घ्यावं, आपल्याला आतून कळत नाही.

कट, म्हणजे मागे पडलेल्यांची गाळणी, ३६ होलनंतर होतो. पुढे जातात ते टूरवर बहुधा पहिले ५० आणि बरोबरीवाले. दुसऱ्या दिवसाची शेवटची सहा होल हा सगळ्या आठवड्याचा सर्वांत कठीण भाग असतो. कट-लाइन कुठे येईल याचा अंदाज स्कोअरच्या फळीवरून बांधत खेळणारा बहुतेक एका शॉटने बाहेर राहतो. कारण साधं आहे: तो पट होलमध्ये घालण्यासाठी मारत नाही, तीन पट टाळण्यासाठी मारतो आणि बॉल एक फूट कमी पडतो. भोंगाही लक्षात ठेवायचा. एक लांब भोंगा म्हणजे खेळ तत्काळ बंद, वीज असू शकते, आणखी एकही शॉट मारू नका. तीन छोटे म्हणजे अंधारासारखं कारण, चालू होल पूर्ण करायचं की नाही ते खेळाडूने ठरवायचं. दोन छोटे म्हणजे पुन्हा सुरू. तीन छोटे वाजले आणि समोर सहा फुटांचा पट असेल तर मी थांबायला सांगतो. सकाळी ताजी ग्रीन मिळते आणि रात्रभर त्या रेषेचा विचार करता येतो. विचार सोसत नसेल त्याने मात्र मारून मोकळं व्हावं. शेवटी कार्ड: प्रत्येक होलचा आकडा मार्करशी (आपला स्कोअर लिहिणाऱ्याशी) ताडून सही. एका होलला कमी आकडा लिहून सही केली तर बाद, बेरीज चुकली तर काही नाही, ती समितीचं काम.

आता पैशाचं. एक कोटीच्या स्पर्धेत विजेत्याला साधारण १५ लाख मिळतात आणि कटमध्ये तळाला राहणाऱ्याचा प्रवास, हॉटेल, कॅडी आणि प्रवेश फी जेमतेम भरून निघते. कट चुकला तर हातात शून्य. म्हणून घरच्यांशी बोलताना 'जिंकलो तर' हा शब्द काढू नये. दोन हंगामांचा पूर्ण खर्च बाजूला आहे का, एवढं विचारावं. नसेल तर अर्धा आठवडा शिकवावं, नॅशनल गोल्फ अकॅडमीचं प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र लवकर घ्यावं आणि कमी स्पर्धा पण ठरवून खेळाव्यात. शिकवल्याने खेळ बिघडतो, असं म्हणतात. पटत नाही. दुसऱ्याचा स्विंग रोज बघणाऱ्याला स्वतःची लय लवकर उमगते.

थांबायचं की चालू ठेवायचं याचा निर्णय निकालांवरून घेऊ नका, सरासरी स्कोअरवरून घ्या. वर्षभराच्या फेऱ्यांची कोर्सच्या पारशी तुलना मांडा. ती पाव-अर्ध्या शॉटने खाली येत असेल तर कट चुकत असले तरी खेळ वर चाललाय. दोन वर्षं जागीच असेल आणि शरीर कुरकुरत असेल तर शिकवण्याकडे वळण्यात कमीपणा नाही.

वेळ किती उशिरा येऊ शकते हे आपल्याच माणसांनी दाखवलंय. जीव मिल्खा सिंग १९९९ नंतर जिंकला तो थेट २००६ मध्ये, चीनमध्ये, आणि त्याच वर्षी स्पेनमधली व्होल्वो मास्टर्सही त्याने घेतली. २०१२ मध्ये, चाळिशीत, स्कॉटिश ओपनला तो शेवटच्या दिवशी पाच शॉट मागून आला, प्लेऑफमध्ये जिंकला आणि त्या विजयाने पुढच्याच आठवड्यातल्या ब्रिटिश ओपनमध्ये जागाही मिळाली. अर्जुन अटवालने २०१० मध्ये खांद्याच्या दुखापतीनंतर अमेरिकेतल्या पीजीए टूरचं कार्ड गमावलं होतं. त्याच ऑगस्टमध्ये सोमवारची पात्रता फेरी खेळून तो विंडहॅम चॅम्पियनशिपमध्ये शिरला आणि रविवारी जिंकला. त्या टूरवर जिंकणारा पहिला भारतीय. महूचे मुकेश कुमार देशात शंभरावर विजेतेपदं मिळवून बसले होते, एशियन टूरवर मात्र पहिला विजय मिळाला २०१६ मध्ये, ५१ व्या वर्षी. आणि दुसरी बाजूही आहे. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०२२ च्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये एका शॉटने दुसरा. अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये एका शॉटने चौथी. दोघांच्याही खेळात त्या आठवड्यात बोट ठेवावं असं फारसं काही नव्हतं.

अटवाल सोमवारच्या पात्रता फेरीतून शिरला. आत शिरायचा दुसरा रस्ता राखीव यादीतून जातो आणि त्याला थांबायची तयारी लागते. आपल्याकडेही यादीत पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असाल तर घरी बसून फोनची वाट बघू नका. पहिला गट सुटायच्या आधी स्टार्टरकडे नाव सांगा, चौदा क्लब मोजून बॅग कॅडीकडे द्या, दर तासाला दहा बॉल मारून अंग गरम ठेवा आणि पोटभर जेवू नका. कुणाचं मनगट लचकतं, कुणाचं विमान चुकतं, कुणी पाच मिनिटांनी उशिरा येतो. शेवटचा गट टीवरून जाईपर्यंत जागा उघडू शकते, त्यामुळे बूट तोवर काढायचे नाहीत.